उन्हाळ्याची सहल आणि भारताचे दौरे: थोडा इतिहास, थोडा हिशोब



क्रिकेटचं उन्हाळी वेळापत्रक जाहीर झालं की इथल्या मराठी घरांत दोन प्रश्न एकदमच निघतात. भारत येतोय का? आणि आई-बाबांची तिकिटं कधीची काढायची? न्यूझीलंडबाहेरच्या मंडळींसाठी सांगतो, आपल्याकडे थंडी असते तेव्हा इथे उन्हाळा, म्हणजे साधारण डिसेंबर ते मार्च. त्यामुळे "मे महिन्याच्या सुट्टीत या" असं भावा-बहिणीला सांगून उपयोग नसतो. मे मध्ये इथे पाऊस, गारठा आणि रग्बी. फिरणं आणि क्रिकेट दोन्ही साधायचं तर जानेवारी ते मार्च, आणि या दिवसांत निवांत येऊ शकतात ते निवृत्त आई-वडीलच.

व्हिसा, विमान, मोटेल यांची माहिती भरपूर मिळते, ती परत देत नाही. भारताचे इथले दौरे तारखांसकट मी एका एक्सेल शीटमध्ये मांडले (इंजिनिअर माणूस, दुसरं काय करणार!). सहल कशी आखावी, आणि मुख्य म्हणजे ती पुढे का ढकलू नये, याचं उत्तर मला त्या तारखांतच सापडलं. म्हणून हा इतिहासाचा प्रपंच.

आधी जागा सांगतो. मी राहतो ते रापाला. हॅमिल्टन शहराचा हा उत्तरेकडचा भाग. घोड्यांच्या शर्यतीचं मैदान, दुधाच्या भुकटीचा मोठा कारखाना आणि 'द बेस' नावाचं भलंमोठं शॉपिंग सेंटर ही इथली ओळख. 'बेस' हे नाव हवाई दलाच्या तळावरून आलं. तो तळ १९९२ मध्ये बंद झाला, १९९५ च्या समझोत्यानंतर जमीन वायकाटो-तैनुई या माओरी समाजाकडे परत आली आणि त्यांनी तिथे हे केंद्र उभं केलं. आपल्या विषयाच्या दृष्टीनं महत्त्वाचं म्हणजे सेडन पार्क हे कसोटीचं मैदान इथून सात-आठ किलोमीटरवर. ऑकलंडचं ईडन पार्क आणि समुद्रकाठचं माउंट माँगानुई, दोन्ही साधारण सव्वाशे किलोमीटरच्या आत. म्हणजे पुण्याहून सातारा गाठण्याइतकंच.

भारतीय संघांनी इथे यायला सुरुवात केली ती मात्र क्रिकेटनं नाही, हॉकीनं. १९२६ साली भारतीय लष्कराचा हॉकी संघ न्यूझीलंडला आला, २१ सामने खेळला आणि त्यातले १८ जिंकून गेला. त्या संघात ध्यानचंद नावाचा एक तरुण शिपाई होता. पुढचं सगळ्यांना माहीतच आहे. क्रिकेटचा कसोटी संघ यायला त्यानंतर ४२ वर्षं लागली.

तो १९६८ चा दौरा म्हणजे आपल्या विषयातला पहिला धडा, आणि तो बराचसा मराठी धडा आहे. पतौडींचा संघ ऑस्ट्रेलियात चारही कसोट्या हरून इथे उतरला होता. १९३२ पासून कसोटी खेळत असूनही भारतानं परदेशात एकही कसोटी जिंकली नव्हती. १५ फेब्रुवारीला ड्युनेडिनला पहिली कसोटी सुरू झाली. डिक मॉट्झचा चेंडू रमाकांत देसाईंच्या जबड्यावर बसला आणि हाड मोडलं. देसाई तसेच खेळत राहिले, नाबाद ३२ काढल्या आणि बेदीबरोबर शेवटच्या जोडीसाठी ५७ धावा जोडल्या. भारताची आघाडी किती? फक्त ९ धावांची! त्या ५७ धावा नसत्या तर हिशोब उलटाच झाला असता. अजित वाडेकरांनी दोन डावांत ८० आणि ७१ केल्या, प्रसन्नानं दुसऱ्या डावात सहा बळी घेतले आणि भारत पाच गड्यांनी जिंकला. परदेशातला पहिला कसोटी विजय, ३६ वर्षांनी.

क्राइस्टचर्चला भारत हरला. वेलिंग्टनला वाडेकरांनी १४३ केल्या. कसोटीतलं त्यांचं हे एकमेव शतक. वडिलांच्या इच्छेप्रमाणे ते इंजिनिअर झाले असते तर ते कुणी काढलं असतं कोण जाणे :-) त्याच कसोटीत नाशिकला जन्मलेल्या बापू नाडकर्णींनी दुसऱ्या डावात ४३ धावांत सहा बळी घेतले. ऑकलंडची शेवटची कसोटी भारतानं २७२ धावांनी जिंकली आणि मालिका ३-१ अशी खिशात घातली. परदेशात जिंकलेली ही आपली पहिली मालिका.

आता तारखा बघा. पहिली कसोटी १५ फेब्रुवारीला सुरू झाली, चौथी १२ मार्चला संपली. लीप वर्ष धरून एकूण २७ दिवस. क्रम ड्युनेडिन, क्राइस्टचर्च, वेलिंग्टन, ऑकलंड, म्हणजे देशाच्या दक्षिणेकडून सरळ उत्तरेकडे. मध्ये रविवारी विश्रांतीचा दिवस. न्यूझीलंडच्या आजच्या कायद्यानं नोकरदाराला वर्षाला चार आठवड्यांची रजा मिळते. तेवढ्या रजेत एखाद्याला गाडी आणि बोटीनं दोन्ही बेटं बघत चारही कसोट्या बघता आल्या असत्या, आणि रविवारी गाव फिरायलाही वेळ मिळाला असता. इतकी सोयीची सहल मुद्दाम बसून आखली तरी जमणार नाही. पण तेव्हा ती आखायला इथे आपली माणसं होतीच किती? आणि ज्यांना हौस होती ते सगळे तिकडे, महाराष्ट्रात. माझे बाबा तेव्हा कराडला शाळेत होते, तेरा वर्षांचे. इथे सकाळी अकरा वाजता म्हणजे तिकडे पहाटेचे साडेचार. ड्युनेडिन जिंकल्याचं त्यांना कळलं ते दुसऱ्या दिवशीच्या पेपरात.

त्या चार मैदानांपैकी ड्युनेडिनचं कॅरिसब्रुक आणि भूकंपात खचलेलं क्राइस्टचर्चचं लँकेस्टर पार्क आता पाडलेली आहेत. बेसिन रिझर्व्ह आणि ईडन पार्क शाबूत आहेत. "एकदा जाऊ कधीतरी" या यादीतून जागाही अशा गळत जातात.

आता माझ्या शीटमधला मुख्य रकाना. १९६८ नंतर भारत कसोटीसाठी इथे आला तो १९७६, १९८१, १९९०, १९९४, १९९८-९९, २००२, २००९, २०१४ आणि २०२० मध्ये. ५२ वर्षांत एकूण दहा दौरे, म्हणजे दोन दौऱ्यांत सरासरी पावणेसहा वर्षं. हॅमिल्टनच्या वाट्याला त्यातल्या चारच कसोट्या आल्या: १९९४, १९९९, २००२ आणि २००९. २०१४ आणि २०२० च्या दौऱ्यांत एकही नाही.

हे आकडे आई-वडिलांच्या वयाशेजारी ठेवून बघा. बासष्टाव्या वर्षी आलेल्या बाबांना "पुढच्या दौऱ्याला बघू" म्हटलं तर पुढचा दौरा अडुसष्टाव्या वर्षी, आणि तोही हुकला तर त्यानंतरचा चौऱ्याहत्तराव्या. बारा-पंधरा तासांचं विमान, मध्ये सिंगापूरला बदल, मैदानावर गवताचा उतार. गुडघ्यांना सरासरी वगैरे कळत नाही.

दुसरा धडा अनिश्चिततेचा. दौरा येणार हे वेळापत्रक सांगतं, तुम्हाला काय दिसणार हे कुणीच सांगत नाही. १९९० मध्ये नेपियरला सोळा वर्षांचा सचिन आदल्या संध्याकाळी ८० वर नाबाद होता. शतक बघायला म्हणून कुणी दुसऱ्या दिवशी सकाळी पोचला असेल तर त्याला दिसला ८८ वर जॉन राइटच्या हातात गेलेला झेल. (हाच राइट पुढे २००० मध्ये भारताचा प्रशिक्षक झाला.) उलट १९९४ मध्ये २७ मार्चच्या रविवारी ईडन पार्कला सहज म्हणून गेलेल्यांना सचिन वनडेत पहिल्यांदा सलामीला आलेला दिसला, ४९ चेंडूंत ८२!

पावसाचंही तेच. १९९८ च्या डिसेंबरमध्ये ड्युनेडिनची कसोटी एकही चेंडू न टाकता रद्द झाली. २००२ च्या हॅमिल्टन कसोटीत पहिला दिवस पूर्ण वाया गेला, पण तिसऱ्या दिवशीचं तिकीट असलेल्यांनी चारही डावांचा काही ना काही भाग एकाच दिवसात बघितला. भारत ९९ आणि १५४, न्यूझीलंड ९४, आणि संध्याकाळी त्यांचा दुसरा डाव सुरू. दुसऱ्या दिवशी भारत हरला. २०२२ च्या नोव्हेंबरमध्ये सेडन पार्कची वनडे जेमतेम तेरा षटकांत पावसानं संपवली.

आणि २००९. मी तेव्हा सांगलीला इंजिनिअरिंगला होतो. होस्टेलच्या टीव्हीपुढे पहाटे चादरी पांघरून बसलेली पोरं अजून आठवतात. सेडन पार्कवर सचिनच्या १६०, आपल्या श्रीरामपूरच्या झहीर खानच्या नाबाद ५१, हरभजनचे सहा बळी आणि भारत दहा गड्यांनी विजयी. न्यूझीलंडमधला ३३ वर्षांनंतरचा पहिला कसोटी विजय. ती मालिकाही आपण जिंकली, १९६८ नंतर इथे पहिल्यांदाच. कसोटी चार दिवसांत आटोपली, म्हणजे पाचव्या दिवसाची तिकिटं काढणारे घरीच! तेव्हा ते मैदान कुठल्या गावात आहे याची मला कल्पनाही नव्हती. आज ऑफिसला जाताना त्याच्या बाजूनं जातो.

आता २०२० च्या उन्हाळ्याकडे येतो. त्या दौऱ्यात पाच टी-ट्वेंटी आणि तीन वनडे होत्या. त्या आठपैकी सात ऑकलंड, हॅमिल्टन आणि माउंट माँगानुई इथे, २४ जानेवारी ते ११ फेब्रुवारी या एकोणीस दिवसांत. ते रापात राहणाऱ्या माणसासाठी याहून सोपं गणित नाही. आई-बाबा आले. बाबा तेव्हा पासष्टचे. आम्ही सातही मॅचेस बघितल्या नाहीत, दोनच बघितल्या. मधल्या दिवसांत टाउपोचं तळं, रोटोरुआ आणि माउंटचा किनारा. २९ जानेवारीला सेडन पार्कला सामना बरोबरीत सुटला, सुपर ओव्हर झाली आणि शेवटच्या दोन चेंडूंत दहा धावा हव्या असताना रोहित शर्मानं साउदीला दोन सिक्सर मारले. आजूबाजूची पोरं नाचत होती. बाबा मात्र शांत बसून म्हणाले, "वाडेकर इथे खेळले होते का रे?" मी म्हटलं, या मैदानावर कसोटी नाही, वेलिंग्टनला. "मग पुढच्या वेळी तिकडे जाऊ." बापू नाडकर्णी त्याच महिन्यात, १७ जानेवारीला, मुंबईत गेले होते. बाबांनी विमानात बसायच्या आधी ती बातमी वाचली होती.

आई-बाबा फेब्रुवारी संपता संपता परत गेले. १९ मार्चला न्यूझीलंडनं सीमा बंद केल्या. त्या सगळ्या पर्यटकांसाठी पूर्ण उघडल्या ३१ जुलै २०२२ ला. त्या सव्वादोन वर्षांत इथल्या किती घरांत काय काय झालं हे तुम्हा सगळ्यांना माहीत आहे. लग्नं स्क्रीनवर, बारशी स्क्रीनवर आणि काहींच्या नशिबी आई-वडिलांचं शेवटचं दर्शनही स्क्रीनवरच. "यंदा नको, पुढच्या वर्षी बोलावू" असं म्हणणाऱ्यांत कुणाचीच चूक नव्हती. कुणाला काय ठाऊक होतं?

सीमा बंद असतानाच, मार्च २०२२ मध्ये, महिलांचा विश्वचषक इथे झाला. १२ मार्चला सेडन पार्कवर सांगलीच्या स्मृती मानधनानं वेस्ट इंडिजविरुद्ध १२३ केल्या, हरमनप्रीतनं १०९, आणि भारत १५५ धावांनी जिंकला. स्मृतीनं सामनावीराचा मान हरमनप्रीतबरोबर वाटून घेतला. निर्बंधांमुळे मैदानात मोजकीच माणसं होती. ज्या गावात मी चार वर्षं शिकलो तिथली मुलगी माझ्या घरापासून सात-आठ किलोमीटरवर शतक काढते आणि ते बघायला कुणाचेही आई-बाबा इथे नाहीत, ही गोष्ट मनाला लागली.

तर मंडळी, या इतिहासातून मी काढलेले नियम साधे आहेत. एक, मॅच हा सहलीचा फक्त खुंटा; बाकीची सहल अशी असावी की पाऊस पडला तरी पैसे आणि दिवस वसूल व्हावेत. दोन, एकाच दिवसावर सगळं लावू नका, जमलं तर दोन मॅचेस किंवा कसोटीचे दोन दिवस ठेवा, आणि त्यात पाचवा दिवस धरू नका. २०२० ची क्राइस्टचर्च कसोटी तर तीन दिवसांत संपली. तीन, महिलांच्या मॅचेस विसरू नका. आणि चार, दौरा आणि आई-वडिलांची तब्येत हे दोन्ही एका उन्हाळ्यात जुळत असेल तर तोच उन्हाळा. नव्या गाडीचं, घराच्या डेकचं पुढच्या वर्षी बघता येतं.

आमच्या घरी वेलिंग्टनचं अजून बाकी आहे. ते रापाहून बेसिन रिझर्व्हला जायला गाडीनं साधारण सात तास, मध्ये टाउपोला जेवण. बाबांचे गुडघे सध्या बरे आहेत. पुढचा दौरा जाहीर झाला की मी आधी रजेचा अर्ज टाकणार आणि मग मॅचची तिकिटं बघणार.

आपला,
(हिशोबी) तेरापाकर