खंडेनवमीचे शस्त्र आणि परवान्याचा कागद

दर वर्षी खंडेनवमीस आपल्या समाजात घरोघरी शस्त्रपूजन होते. पाट मांडून त्यावर नांगराचा फाळ, विळा, कुऱ्हाड आणि असलीच तर पूर्वजांची एखादी गंजलेली तलवार ठेवतात व झेंडूची फुले वाहतात. आमच्या बालपणी आमच्या घरच्या पाटावर ठासणीची एक बंदूकही असे. आज त्या जागी तिच्या परवान्याचा जुना कागद तेवढा ठेवला जातो. ती बंदूक कोठे गेली हे सांगण्यापूर्वी शस्त्र आणि प्रजा यांच्या संबंधाचा इतिहास ज्ञातिबांधवांपुढे थोडक्यात मांडावा, असा आमचा मानस आहे.

वऱ्हाडातील जुन्या खेड्यांची घडणच मुळी स्वसंरक्षणाच्या गरजेतून झालेली आहे. गावोगावी दिसणाऱ्या मातीच्या गढ्या हा त्याचा पुरावा होय. एकीकडे हैदराबादचा निजाम व दुसरीकडे नागपूरचे भोसले, अशा दोअंमली कारभारात हा प्रांत वर्षानुवर्षे भरडला गेला. त्यातच पेंढाऱ्यांच्या धाडी. १८१७-१८ च्या मोहिमेत इंग्रजांनी पेंढाऱ्यांचा बंदोबस्त केला, तोपर्यंत रात्री धाड पडली तर सरकारची मदत सकाळपर्यंत येईल, ही आशा कोणीच करीत नसे. पाटील, जागल्या आणि कुणबी यांनीच गढीच्या आश्रयाने गाव राखावे, असा रिवाज होता. मराठेशाहीत शेतकरी आणि शिपाई ह्या दोन निराळ्या जाती नव्हत्या. खरिपाची कामे उरकली की दसऱ्यास सीमोल्लंघन करून तोच नांगऱ्या मोहिमेवर निघे. फाळ आणि तलवार एकाच पाटावर पुजली जातात, यातील मर्म हेच आहे.

१८५३ साली वऱ्हाड इंग्रजांच्या कारभाराखाली आला. पुढे १८६७ च्या सुमारास आगगाडी नागपूरपर्यंत पोहोचली आणि आपल्या चांदूराच्या नावापुढे ‘रेल्वे’ हा शब्द कायमचा चिकटला. धाडी थांबल्या, कापसाला बाजार मिळाला, हे नाकारणे कृतघ्नपणाचे होईल. तथापि या शांततेची एक किंमत होती. १८५७ च्या उठावाची धास्ती घेतलेल्या सरकारने १८६० साली शस्त्रांविषयी एक कायदा केला आणि १८७८ साली लॉर्ड लिटन यांच्या कारकिर्दीत त्याहून कडक असा शस्त्रांचा कायदा आला. देशी माणसाने परवान्यावाचून शस्त्र बाळगणे हा गुन्हा ठरला. गोऱ्यांना मात्र या जाचातून सूट होती. म्हणजे कायद्याने शस्त्रापेक्षा शस्त्र धरणाऱ्याच्या कातडीचाच रंग पाहिला!

येथे एक योगायोग ध्यानात घेण्याजोगा आहे. देशी भाषांतील वृत्तपत्रांचे तोंड बांधणारा कायदाही त्याच वर्षी, त्याच लिटनसाहेबांनी केला. प्रजेच्या हातातील लेखणी आणि शस्त्र यांची सरकारला सारखीच भीती वाटत होती. वृत्तपत्रांचा कायदा लॉर्ड रिपन यांच्या कारकिर्दीत लवकरच रद्द झाला. शस्त्रांचा कायदा मात्र स्वातंत्र्यानंतरही पंधरा वर्षे जिवंत राहिला.

ज्या इंग्लंडने हा कायदा लादला, तेथील १६८९ च्या हक्कांच्या सनदेत प्रोटेस्टंट प्रजाजनांस कायद्याच्या मर्यादेत शस्त्र बाळगण्याची मोकळीक दिलेली होती. अमेरिकेने तर १७९१ साली हा हक्क आपल्या राज्यघटनेतच घातला. आपल्या पुढाऱ्यांस हा भेद दिसत होता. १८८७ साली मद्रास येथे भरलेल्या तिसऱ्या काँग्रेस अधिवेशनात या कायद्यात सुधारणा करण्याची मागणी झाली. १९३१ साली सरदार पटेलांच्या अध्यक्षतेखालील कराची अधिवेशनात मूलभूत हक्कांचा जो ठराव झाला, त्यात नियमांच्या अधीन राहून शस्त्र बाळगण्याचा नागरिकाचा हक्क स्पष्ट नमूद केला होता. फार काय, अहिंसेचे आचार्य महात्मा गांधी यांनीसुद्धा एका संपूर्ण राष्ट्रास निःशस्त्र करणारा हा कायदा ब्रिटिश राज्याच्या दुष्कृत्यांत अत्यंत काळा म्हणून गणला जाईल, असे मत मांडले होते. निःशस्त्र माणसाची अहिंसा आणि समर्थाची अहिंसा यांतील अंतर त्यांस पुरते ठाऊक होते.

स्वातंत्र्य आले तेव्हा हा हक्क घटनेत येईल, अशी अपेक्षा अवाजवी नव्हती. डिसेंबर १९४८ मध्ये घटना समितीत श्री. हरि विष्णु कामत यांनी तशी दुरुस्ती मांडली. आपल्या मध्यप्रांत-वऱ्हाडातून निवडून गेलेले हे सभासद होते, हे आपण अभिमानाने सांगितले पाहिजे. दुरुस्ती नामंजूर झाली. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी तिला दिलेले उत्तर विचार करण्यासारखे आहे. परकीय सत्तेने प्रजेस निःशस्त्र केले होते तेव्हाची मागणी निराळी. परंतु ज्याला त्याला बाजारातून वाटेल ते हत्यार घेण्याचा हक्क दिला, तर राज्यकारभार चालणार कसा? शस्त्र धरण्याच्या हक्कापेक्षा देशासाठी शस्त्र धरण्याचे कर्तव्य महत्त्वाचे, असा त्यांच्या म्हणण्याचा आशय होता.

या उत्तरापुढे आम्ही आदराने नतमस्तक होतो. परंतु ते पूर्ण मान्य करीत नाही. कामतांची मागणीही नियमांच्या चौकटीतीलच होती. चोरास पिस्तूल मिळावे असे त्यांनी म्हटले नव्हते. शिवाय कर्तव्य पार पाडावयाचे तर त्याचा सराव लागतो. अमरावतीस १९१४ साली वैद्य बंधूंनी स्थापिलेल्या श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाने पिढ्यान्‌पिढ्या तरुणांस व्यायामाचे व मर्दानी खेळांचे शिक्षण दिले. १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकप्रसंगी मंडळाच्या पथकाने आपले देशी खेळ जगास दाखविले. तेथील तरुणांनी गावात दंगे माजविले, असे कोणी म्हणेल काय? सामर्थ्याला शिस्त जोडली म्हणजे ते समाजाचे भूषण ठरते.

आता आमच्या घरची गोष्ट. आमची शेती मालखेडच्या जंगलाच्या कडेस. रानडुकरे व रोही यांचे कळप एका रात्रीत तुरीचे वावर सपाट करतात. वडिलांजवळ पीकसंरक्षणाचा परवाना होता. रात्री बिनछऱ्याचा एक बार काढला की कळप पांगत असे. जनावर मारण्याची गरज क्वचितच पडे. एकदा धुऱ्याच्या भांडणात आमच्या चुलत्यांनी रागाच्या भरात ती बंदूक मागितली. वडील दाराच्या चौकटीत उभे राहिले व म्हणाले, “ही वावर राखाले हाय, भाऊ माराले नाही.” ते भांडण तीन दिवसांत मिटले. शस्त्राविषयीचा पहिला धडा आम्ही शाळेत नव्हे, त्या चौकटीत शिकलो.

वडील १९८४ साली वारले. वारस म्हणून आम्ही रीतसर अर्ज केला. बंदूक जमा केली, पावती घेतली. त्यानंतर एका कचेरीतून दुसऱ्या कचेरीत कागद फिरत राहिला. कधी साहेब दौऱ्यावर, कधी चौकशीचा अहवाल बाकी. मास्तरकीची नोकरी सांभाळून किती खेपा घालाव्यात? शेवटी आम्हीच कंटाळून नाद सोडला. पुढे एका हंगामात मध्यरात्री डबा वाजवीत वावर राखणाऱ्या आमच्या धाकट्या बंधूंची मांडी रानडुकराने फाडली. ते वाचले, पण आजही लंगडत चालतात. बंदूक असती तर हे टळले असते, असे शपथेवर सांगता येणार नाही. मात्र त्यांच्या हाती नुसता डबा होता, एवढे खरे.

आमचा दोष थोडा अज्ञानाचाही होता, म्हणून ज्ञातिबांधवांस माहिती देतो. १८७८ चा कायदा जाऊन १९५९ चा कायदा आला व तो १ ऑक्टोबर १९६२ पासून अमलात आहे. त्यातील कलम १३ मध्ये खऱ्याखुऱ्या पीकसंरक्षणासाठी ठासणीच्या बंदुकीच्या परवान्याची तरतूद आहे. अर्जदाराजवळ पुरेशी मालमत्ता नाही, एवढ्याच कारणाने परवाना नाकारता येत नाही. नकार दिल्यास कारणे लेखी नोंदवावी लागतात आणि त्यावर अपील करता येते. २०१६ च्या नियमांत वारसांसाठी स्वतंत्र तरतूद आहे. २०१९ च्या दुरुस्तीने एका व्यक्तीजवळील बंदुकांची मर्यादा तीनवरून दोनवर आणली; मूळ विधेयकात तर एकच ठेवली होती. दोन बंदुका साध्या शेतकऱ्यास पुरून उरतील. त्याची अडचण संख्येची नसून पहिल्या परवान्याचीच आहे. १९७२ च्या वन्यजीव कायद्यामुळे बंदूक असली तरी अनुमतीवाचून वन्य प्राणी मारता येत नाही, हेही विसरू नये.

अमेरिकेत शाळेतील मुलांवर गोळ्या झाडल्या गेल्याची वृत्ते वाचली की आम्हां शिक्षकांचे काळीज हलते. तसली मोकळीक आम्हांस नको. चौकशी व्हावी, शिक्षण द्यावे, निवडणुकीच्या काळात शस्त्रे जमा करावीत. यास आमची हरकत नाही. परंतु गुन्हेगार परवाना मागावयास कचेरीत जात नाही. पायऱ्या झिजवितो तो कायदा पाळणाराच. त्याच्याकडे संशयाने पाहण्याची लिटनशाहीची सवय स्वतंत्र देशात सुटली पाहिजे. सरकारने प्रजेवर विश्वास ठेवावा व प्रजेने त्या विश्वासास पात्र राहावे, एवढीच आमची मागणी आहे.

ज्यांच्या घरी जुने परवाने, पावत्या असतील त्यांनी त्या जपून ठेवाव्यात आणि वारसांनी वेळीच अर्ज करावेत. तरुणांनी आधी आखाड्यात शरीर आणि घरात संयम कमवावा. येत्या खंडेनवमीस पाटावर शस्त्र असो वा कागद, ते कशासाठी आहे हे मुलांना जवळ बसवून समजावून सांगावे, ही सर्वांस नम्र विनंती.