पिशवीवरची शिवण

आमच्या आर्णीकडे सिझेरियनला ‘सिझर’ म्हणतात आणि गर्भाशयाला ‘पिशवी’. सिझर झालेली बाई ‘पाळी सरली तरी डाग पडतच राह्यते’ म्हणू लागली, की घरादारातून अनेकदा दोनच शब्दांचा सल्ला येतो : पिशवी काढा. या सल्ल्यामागचा इतिहास मला शोधावासा वाटला, कारण पिशवी वाचवण्यासाठीच तर तिच्यावरचा टाका शोधला गेला.

एकोणिसाव्या शतकात बराच काळ पोट शिवत, पिशवी मात्र तशीच उघडी ठेवत. ती आपोआप आकसून मिटेल, अशी समजूत. रक्तस्राव आणि जंतुसंसर्गाने बहुतेक बाया दगावत. १८७६ साली इटलीतील पाविया येथे एदुआर्दो पोर्रो यांनी मूल बाहेर काढल्यावर पिशवीही कापून टाकली, बाई जगली. त्या काळात ते शहाणपणच होते. पुढे १८८२ मध्ये लाइपझिगच्या माक्स सेंगर यांनी चांदीची तार आणि रेशीम वापरून पिशवीच शिवण्याची पद्धत मांडली. विसाव्या शतकात ग्लासगोचे मनरो कर यांनी खालच्या भागातील आडव्या छेदाचा आग्रह धरला. तो वण पुढच्या बाळंतपणात फाटण्याची भीती कमी.

फाटेल का, एवढेच वैद्यकाने वणाला फार काळ विचारले. १९९५ मध्ये ह्यू मॉरिस या विकृतिशास्त्रज्ञाने ५१ गर्भाशयांतील सिझरचे वण तपासून, हा वणच बाईच्या त्रासाचे मूळ असू शकतो, असे मांडले. (ती गर्भाशये अर्थातच काढून टाकलेली होती.) शिवण भरताना आतून खाच राहते, पाळीचे रक्त तिच्यात साचते आणि मागाहून झिरपते.

बाया बोलत नाहीत, हे खरे. पण त्यांना विचारले कोणी? राणी आणि अभय बंग यांनी गडचिरोलीच्या दोन गावांतील ६५० स्त्रिया तपासल्या, ते १९८९ साली ‘लॅन्सेट’मध्ये छापून आले : ९२ टक्के स्त्रियांना कोणता ना कोणता स्त्रीरोग, आणि आधी कधी तपासणी झालेल्या अवघ्या ८ टक्के. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रातील २५.४ टक्के बाळंतपणे सिझरने झालेली दिसतात. म्हणजे वण वाढले.

डागांना दुसरी कारणेही असतात, म्हणून आधी तपासणी आणि आतून सोनोग्राफी. खाच दिसली पण त्रास नाही, तर सहसा काही करावे लागत नाही. मूल नको असेल तर संप्रेरकांच्या गोळ्यांनी भागू शकते. खाचेवर साधारण तीन मिलिमीटर किंवा अधिक जाड स्नायू उरला असेल, तर खालून दुर्बीण घालून कडा सपाट करतात. त्याहून पातळ असेल तर मूत्राशयाला इजा व्हायची, म्हणून पोटातून वण कापून नव्याने शिवतात. पुन्हा सेंगरच!

पुन्हा दिवस राहिले, तर गर्भ वणातच रुजला नाही ना, हे सुरुवातीलाच पाहावे लागते. उशीर जिवावर बेततो. आर्णीहून यवतमाळचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय चाळीसेक किलोमीटर. तिथे जाताना पहिल्या सिझरचा कागद सोबत हवा, कारण पोटावरचा वण आडवा असला तरी आत पिशवीवरचा छेद उभा असू शकतो.