स्वस्त कवळी, महागात पडलेले दात

१९६८ साली इंग्लंड आणि वेल्समधल्या प्रौढांच्या दातांची देशव्यापी पाहणी झाली. सोळा वर्षांवरच्या लोकांपैकी ३७ टक्क्यांच्या तोंडात स्वतःचा एकही दात उरलेला नव्हता. हा देश काही उपासमारीने गांजलेला नव्हता. सरकारी आरोग्यसेवा सुरू होऊन वीस वर्षं झाली होती, दंतवैद्य शिकलेले आणि परवानाधारक होते. म्हातारपणी दात पडतात हे खरं. पण तीनातल्या एकाहून जास्त प्रौढांची बोळकी व्हावीत इतकी म्हातारी माणसं त्या देशात नव्हती. यातले पुष्कळ दात पडलेले नव्हते, पाडलेले होते. जागा मोकळी करून कवळी बसवता यावी म्हणून ते उपटले होते. आधी दात जातात आणि मग त्यांची उणीव भरायला कवळी येते, असा क्रम आपण गृहीत धरतो. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून पुढची शंभरेक वर्षं अमेरिकेत आणि त्याहून जास्त ब्रिटनमध्ये हा क्रम अनेकदा उलटा चालला. कवळी आवाक्यात आली, म्हणून दात गेले.

कवळी महाग होती तोवर असं होणं शक्यच नव्हतं. ३० एप्रिल १७८९ रोजी जॉर्ज वॉशिंग्टन यांनी अध्यक्षपदाची शपथ घेतली तेव्हा त्यांच्या तोंडात एकच खरा दात होता. त्यांची कवळी लाकडाची होती ही निव्वळ दंतकथा. न्यूयॉर्कच्या जॉन ग्रीनवुड या दंतवैद्याने ती पाणघोड्याच्या सुळ्यातून कोरली होती, तिच्यात माणसांचे दात बसवले होते आणि शिल्लक राहिलेला तो एकुलता दात आत जावा म्हणून भोक ठेवलं होतं. अशा कवळीचे वरचे आणि खालचे भाग स्प्रिंगांनी जोडलेले असत. स्प्रिंगा दोन्ही भागांना सतत एकमेकांपासून दूर रेटत; त्यामुळे वरची कवळी जागेवर राही, पण तोंड नुसतं मिटून बसायलाही जबड्याचा जोर लावावा लागे. सुळ्याचा पदार्थ लाळेत कुजे, वास मारी, वाइनने काळा पडे. शिवाय माणसांचे दात आणायचे कुठून? वॉशिंग्टन यांच्या हिशेबवहीत १७८४ साली कृष्णवर्णीयांना नऊ दातांचे १२२ शिलिंग दिल्याची नोंद आहे. ही त्यांच्याच मळ्यावरची गुलाम माणसं असावीत. पुढे १८१५ च्या वॉटर्लूच्या लढाईत पडलेल्या सैनिकांचे दात बाजारात आले आणि माणसांच्या दातांच्या कवळ्यांना इंग्लंडात वॉटर्लूचंच नाव चिकटलं. चिनी मातीच्या दातांचा प्रयोग पॅरिसमध्ये १७७४ पासून सुरू झाला होता, पण ते दात बसवायला सोन्याचा पाया लागे. थोडक्यात, कवळी श्रीमंतांपुरती होती आणि श्रीमंतांनाही ती धड चावू देत नव्हती. त्यात दात उपटणं म्हणजे शुद्धीवर असताना सोसायची यातना. असा सौदा असताना चालता दात कोण हौसेने काढून घेईल?

हे दोन्ही अडसर वीस वर्षांच्या आत दूर झाले. ११ डिसेंबर १८४४ रोजी अमेरिकेतल्या हार्टफर्ड गावात होरेस वेल्स या दंतवैद्याने नायट्रस ऑक्साइड हुंगून स्वतःची दाढ काढून घेतली. त्याचा एके काळचा भागीदार विल्यम मॉर्टन याने १६ ऑक्टोबर १८४६ रोजी बॉस्टनच्या मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलमध्ये ईथर देऊन शस्त्रक्रिया होऊ शकते हे दाखवलं. वैद्यकाच्या इतिहासात हा दिवस शल्यचिकित्सेचा म्हणून गाजतो. पण मॉर्टन शल्यचिकित्सक नव्हता, त्याचा धंदा कवळ्यांचा होता. कवळी नीट बसायची तर हिरडीत मोडून राहिलेली मुळं काढणं भाग असे, आणि त्या दुखण्याच्या धास्तीने गिऱ्हाईक परत जाई. भूल देण्याच्या शोधामागे ही नड होती. म्हणजे वेदनारहित दात काढणं आणि कवळी विकणं या दोन गोष्टी योगायोगाने एकत्र आल्या नाहीत. एक दुसरीच्या पोटातून निघाली.

दुसरा अडसर किमतीचा. चार्ल्स गुडइयरने रबरात गंधक मिसळून ते तापवण्याचं पेटंट १८४४ साली घेतलं आणि त्याचा भाऊ नेल्सन याने १८५१ साली कडक रबराचं. या व्हल्कनाइटने कवळीचा पायाच बदलला. तोंडाचं माप घ्यायचं, त्यावरून प्लास्टरचा साचा करायचा, त्यावर मेणात चिनी मातीचे दात मांडायचे. मग मेण काढून त्या जागी मऊ रबर ठासायचं आणि वाफेच्या बंद भांड्यात तासभर शिजवायचं. हिरडीच्या चढउतारांशी तंतोतंत जुळणारा कडक पाया तयार होई. रंग काळपट तांबडा. तो हिरडीसारखा दिसावा म्हणून हिंगूळ घालत. सोनार लागत नव्हता, सोनंही लागत नव्हतं. या धंद्यात पैसा किती होता, हे पेटंटवरच्या भांडणातून कळतं. जॉन कमिंग्जला रबरी कवळीचं पेटंट १८६४ मध्ये मिळालं. ते हाती आल्यावर गुडइयर डेंटल व्हल्कनाइट कंपनीने दंतवैद्यांकडून वार्षिक परवाना शुल्क आणि शिवाय दर कवळीमागे पैसे मागायला सुरुवात केली. कंपनीचा खजिनदार जोसाया बेकन गावोगावी दावे लावत फिरे. सर्वोच्च न्यायालयानेही पेटंट उचलून धरलं. अखेर एप्रिल १८७९ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या एका हॉटेलात सॅम्युएल चाफंट या दंतवैद्याने बेकनला गोळी घालून ठार केलं. १८८१ साली पेटंटची मुदत संपली आणि रबरी कवळी सर्वांना मोकळी झाली. चैनीच्या वस्तूपायी असा पिच्छा पुरवला जात नाही. कवळी आता हजारो दवाखान्यांचं रोजचं उत्पन्न झाली होती.

यावर पहिला आक्षेप सरळ आहे. लोकांचे दात खरोखरच किडलेले होते, मग ते काढण्यात गैर काय? आक्षेपात तथ्य आहे. ब्रिटनने १८७४ साली साखरेवरचा कर पूर्ण उठवला आणि जाम, बिस्किटं, गोड चहा कामगारांच्या रोजच्या खाण्यात आले. बोअर युद्धाच्या वेळी दातांपायी किती तरी जवान नाकारावे लागले. पण दात काढणं हे किडीवरचं एकमेव उत्तर नव्हतं. चांदी भरून दात राखण्याची कला तेव्हा चांगलीच रुळली होती. प्रश्न होता तो हिशेबाचा. एक दात राखायचा तर पुनःपुन्हा खेपा, दर खेपेला पैसे, कामाचा खाडा. सगळे काढून टाकले तर एकदाच खर्च, एकदाच दुखणं. इंग्लंडच्या उत्तरेकडे, वेल्स आणि स्कॉटलंडमध्ये या हिशेबाची रीतच पडली. मुलीला एकविसाव्या वाढदिवसाला किंवा लग्नाआधी सगळे दात काढून नवी कवळी भेट द्यायची, म्हणजे पुढे नवऱ्यावर तिच्या दातांचा बोजा नको. टी. एस. एलियटच्या १९२२ च्या ‘द वेस्ट लँड’मध्ये दारूच्या गुत्त्यातलं एक संभाषण आहे. सैन्यातून परतणाऱ्या नवऱ्याने दात काढून नवे बसवायला दिलेले पैसे त्याच्या बायकोने भलतीकडेच खर्चले, म्हणून मैत्रीण तिला टोचते. त्या बायकोचं वय अवघं एकतीस. वाचकाला इथे काही विपरीत वाटावं म्हणून हा तपशील आलेला नाही. तेव्हाच्या लंडनमध्ये ही बाब रोजची होती.

वैद्यकशास्त्रानेही या हिशेबाला दुजोरा दिला. विल्यम हंटर या लंडनच्या डॉक्टरने १९०० पासून, आणि विशेषतः १९१० च्या मॉन्ट्रियलमधल्या भाषणात, तोंडातला पू हे अंगभर पसरणाऱ्या दुखण्यांचं मूळ आहे असं ठासून सांगितलं. त्याचा मूळ रोख कुजक्या मुळांवर बसवलेल्या सोन्याच्या टोप्यांवर होता. पुढच्या दोन-तीन दशकांत मात्र संधिवातापासून वेडापर्यंत कशावरही उपाय म्हणून दात उपटले गेले. नंतर हा सिद्धांत या ढोबळ रूपात मागे पडला. गेलेले दात परत आले नाहीत. सहज, स्वस्तात पर्याय मिळतो आहे हे ठाऊक नसतं, तर डॉक्टरांनी तोंडं रिकामी करण्याचा सल्ला इतक्या सढळ हाताने दिला असता असं वाटत नाही.

दुसरा आक्षेप जास्त मोलाचा आहे. तो म्हणतो, असा दोष देणं ही पोट भरलेल्यांची भाषा झाली. ज्यांच्याजवळ पैसा नव्हता त्यांनी आपल्या परिस्थितीत शहाणपणाचाच निर्णय घेतला. ५ जुलै १९४८ रोजी ब्रिटनची राष्ट्रीय आरोग्यसेवा सुरू झाली आणि फुकट कवळ्यांसाठी झुंबड उडाली, दातांवरचा खर्च अंदाजाच्या कितीतरी पुढे गेला. वर्षानुवर्षं हिरड्यांनीच चावणारी, दुसऱ्याची जुनी कवळी घालणारी माणसं त्या रांगेत होती. त्यांना कवळी मिळाली हे उत्तमच झालं. १९५१ मध्ये सरकारने कवळी आणि चष्म्यावर शुल्क लावलं तेव्हा या सेवेचे जनक अन्यूरिन बेव्हन यांनी मंत्रिपद सोडलं, तेही समजण्यासारखं आहे. निर्णय घेणाऱ्याला मीही मूर्ख म्हणत नाही. पण शहाणपणाच्या निर्णयालाही चुकीची माहिती पुरवली गेली होती. दात गेला की कटकट संपते, हेच मुळात खोटं. दाताचा आधार गेला की जबड्याचं हाड झिजू लागतं आणि झिजतच राहतं. अंत्ये तालग्रेन यांनी पंचवीस वर्षं कवळी वापरणाऱ्यांचा पाठपुरावा करून १९७२ मध्ये दाखवलं, की खालच्या जबड्याचं हाड वरच्याच्या सुमारे चौपट झिजतं. कवळीने चावण्याचा जोर खऱ्या दातांच्या जेमतेम पाव ते पंचमांश असतो, आणि हाड सपाट झालं की तेवढाही राहत नाही. खालची कवळी जिभेवर तरंगू लागते. विशीत दात काढून घेतलेल्या मुलीने पन्नाशीत भोगायचं दुखणं भेटीबरोबरच विकत घेतलं होतं. तिला ते कुणी सांगितलं नव्हतं.

तिसरा आक्षेप आकड्यांचा. २००९ च्या पाहणीत इंग्लंडमध्ये दात नसलेले प्रौढ ६ टक्क्यांवर आले. फ्लोराइडच्या टूथपेस्ट १९७० च्या दशकात सर्रास झाल्या, म्हणजे कीड हटली आणि दात वाचले, कवळीच्या सोयीचा त्यात काय संबंध? संबंध मधल्या पिढीत दिसतो. युद्धानंतर वाढलेल्या या पिढीचं बालपण फ्लोराइडच्या आधीचं, साखरेने भरलेलं. तिच्या दातांना कीड भरपूर लागली, पण ती आज फिरते ती तोंडभर चांदी भरलेले दात घेऊन. आजीसारखीच कीड असूनही नातीने दात राखले. बदलली होती ती अपेक्षा, आणि खेपांचा खर्च सोसणारी व्यवस्था.

महाराष्ट्रातल्या दवाखान्यातही हाच हिशेब मांडला जातो, कारण इथेही बहुतेकांना दातांचा खर्च खिशातून करावा लागतो. रूट कॅनाल आणि कॅपचा खर्च ऐकून ‘काढूनच टाका’ म्हणणारा माणूस शंभर वर्षांपूर्वीच्या इंग्रज कामगारासारखाच विचार करतो, आणि तितकाच चुकतो. कवळीतलं रबर गेलं, ॲक्रिलिक आलं, १९६५ पासून हाडात रोवलेल्या टायटॅनियमच्या खुंट्यांचाही आधार मिळू लागला. २००२ मध्ये मॅकगिल विद्यापीठात जमलेल्या तज्ज्ञांनी तर खालच्या जबड्यासाठी दोन खुंट्यांवर टेकलेली कवळी हाच पहिला पर्याय धरावा असं म्हटलं. त्या दोन खुंट्या जे काम पैसे घेऊन करतात, त्यातलं बरंचसं जबड्यातली दोन निरोगी मुळं फुकटात करतात. ती राखून वर कवळी बसवता येते आणि तेवढ्या जागेचं हाड टिकतं. म्हणून कवळीची किंमत विचारण्याआधी विचारायचा प्रश्न वेगळा आहे: यातला कुठला दात, निदान कुठलं मूळ, राखता येईल? काढलेल्या दाताचा खर्च कवळीच्या बिलात कधीच लिहिलेला नसतो.