नाव ट्रायम्फ, गाव चाकण

परवा सिग्नलला शेजारी एक ट्रायम्फ येऊन थांबली. टाकीवरची अक्षरं बघून मला राहवेना. विचारलं, "इंग्लंडची का रे?" हेल्मेटची काच वर करून पोरगा म्हणाला, "नाही काका, चाकणची!" आणि हिरवा दिवा लागताच गेलासुद्धा.

खरंच होतं त्याचं. २०२३ पासून ट्रायम्फच्या ४०० सीसीच्या गाड्या बजाजच्या चाकणच्या कारखान्यात बनतात. पण घरी आल्यावर वाटलं, ही गाडी नक्की कोणाची?

गंमत म्हणजे कंपनी काढणारा सीगफ्रीड बेटमन मुळात जर्मन, न्यूरेंबर्गचा. १८८६ च्या सुमारास इंग्लंडमध्ये सायकली विकताना त्याने 'ट्रायम्फ' हे नाव घेतलं. पुढे कॉव्हेंट्रीत कारखाना आणि १९०२ साली पहिली मोटरसायकल. तिचं इंजिन बेल्जियमचं! १९१३ मध्ये हा गृहस्थ कॉव्हेंट्रीचा महापौर झाला. वर्षभरात जर्मनीशी युद्ध पेटलं, आणि त्या युद्धात ब्रिटिश सैन्याचे निरोप घेऊन धावली ती याच्याच कारखान्यातली मॉडेल एच.

पुढचे दिवस वैभवाचे. एडवर्ड टर्नरची १९३७ ची स्पीड ट्विन इतकी गाजली, की पुढची कित्येक वर्षं ब्रिटिश गाड्या तिच्याच वळणावर गेल्या. नोव्हेंबर १९४० च्या बॉम्बहल्ल्यात कॉव्हेंट्रीचा कारखाना गेला, १९४२ मध्ये जवळच्या मेरिडन गावी नवा उभा राहिला. १९५३ च्या 'द वाइल्ड वन' मध्ये मार्लन ब्रँडो ट्रायम्फवरच बसला होता. १९५९ मध्ये बॉनव्हिल आली.

आणि १९६९ मध्ये आली होंडाची सीबी ७५०. चार सिलिंडर, बटणस्टार्ट, पुढे डिस्क ब्रेक. ट्रायम्फला अजून किक मारावी लागत होती, आणि उभ्या गाडीखाली तेलाचे ठिपके पडत होते. नव्या यंत्रांवर वेळेत पैसा न घालण्याचं फळ होतं ते.

मला खरं सांगायचंय ते इथून पुढचं. सप्टेंबर १९७३ मध्ये नव्या व्यवस्थापनाने मेरिडन बंद करायचं जाहीर केलं. सतराशेच्या वर कामगार होते. ते घरी गेले नाहीत. गेट अडवून बसले, तयार गाड्या बाहेर जाऊ देईनात. हे जवळजवळ दीड वर्ष चाललं. मधल्या काळात सरकार बदललं, उद्योगमंत्री टोनी बेन त्यांच्या बाजूने उभे राहिले, आणि मार्च १९७५ मध्ये सरकारी कर्जाच्या बळावर कारखाना कामगारांच्या सहकारी संस्थेकडे आला. सुरुवातीला तर सगळ्यांना सारखाच पगार!

पण बॉनव्हिल तीच जुनी. नवी गाडी काढायला पैसा नाही, मोठं गिऱ्हाईक अमेरिकेत, त्यात पौंड महागला. ऑगस्ट १९८३ मध्ये संस्था बुडाली. कारखाना पाडला, तिथे घरं झाली. एका गल्लीला नाव दिलंय बॉनव्हिल क्लोज.

जॉन ब्लूर नावाच्या बांधकाम व्यावसायिकाने नाव आणि हक्क विकत घेतले. काही वर्षं गाजावाजा न करता तयारी केली, आणि १९९१ पासून हिंकलीच्या नव्या कारखान्यातून पूर्णपणे नव्या गाड्या बाहेर पडू लागल्या. सगळं श्रेय त्याला मिळतं, आणि ते रास्तच आहे. पण १९७३ मध्ये ती माणसं निमूटपणे घरी गेली असती, तर दहा वर्षांनी ब्लूरला विकत घ्यायला उरलं असतं काय? फार तर संग्रहालयातलं एक नाव.

सहकार फसला असं म्हणतात. हिशोबाच्या वहीत फसलाच. पण बेटमनचं नाव चाकणपर्यंत पोचलं, त्या वाटेतली सगळ्यात अवघड दहा वर्षं त्या माणसांनी ओढून नेली.

असो. त्या पोराला हे सगळं सांगायचं होतं. पण आपल्याकडचे सिग्नल एवढा वेळ थोडेच थांबतात!