शेवंडीचे वजन

पुण्यातल्या मराठी वर्तमानपत्रांत आठवड्याचे बाजारभाव छापून येतात. भाजीपाला, फळे, भुसार आणि त्यानंतर गणेश पेठेतल्या घाऊक बाजारातली मासळी. पापलेट, सुरमई, रावस, घोळ, करली, पाला, मांदेली, मोरी, ओले बोंबील ही नावे कोळ्यांच्या तोंडी असतात तशीच छापलेली असतात. याच यादीत मध्येच ‘जंबो प्रॉन्स’, ‘किंग प्रॉन्स’ आणि ‘लॉबस्टर’ हे शब्द येतात. बोंबलाला कोणी इंग्रजी नाव देत नाही, मोरीला देत नाही. मग शेवंडीचेच नाव का बदलले?

मी बिबवेवाडीत राहतो. शिक्षण वाणिज्य शाखेचे. मासळीचा इतिहास वाचनालयांत बसून आणि केंद्रीय सागरी मत्स्यसंशोधन संस्थेचे जुने निबंध वाचून शिकलो. हे निबंध आता कोणालाही वाचता येतात, पण मराठी वाचकांपर्यंत ते फारसे पोहोचलेले नाहीत. ते वाचताना ध्यानात आले की, शेवंडीचे नाव बदलणे, तिच्या वजनाला भाव येणे आणि मुंबईच्या समुद्रातून तिची एक जात नाहीशी होणे या तीन वेगळ्या गोष्टी नाहीत. शेवंड घरच्या पातेल्यातून निघून वजनकाट्यावर गेली, त्या एकाच प्रवासाच्या या तीन बाजू आहेत.

दोन शेवंडी

महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर शेवंड म्हणून जे मिळत आले त्यात मुख्यतः दोन वेगळे प्राणी आहेत. पहिली काटेरी शेवंड, शास्त्रीय नाव पॅन्युलिरस पॉलिफेगस. हर्ब्स्टने १७९३ साली तिचे वर्णन केले. अंग हिरवट-राखाडी, शेपटीच्या प्रत्येक वळीवर आडवा फिकट पट्टा, पुढे अंगापेक्षा लांब दोन मिशा. हिला नांग्या नसतात. परदेशी चित्रांत दिसणारा, दोन दणकट नांग्यांचा लॉबस्टर हा उत्तर अटलांटिकच्या थंड पाण्यातला निराळा प्राणी आहे. आपल्या हॉटेलांच्या पाट्यांवर पुष्कळदा त्याचे चित्र असते आणि ताटात येते ती काटेरी शेवंड.

दुसरी वाळूतली चपटी शेवंड. हिला मिशांच्या जागी फावड्यासारखे रुंद पट्टे असतात. दिवसा ती वाळूत किंवा चिखलात स्वतःला पुरून घेते. आपली कथा पुढे हिच्यापाशीच येऊन थांबणार आहे.

दोघींची वाढ कात टाकून होते. जुने कवच उसवायचे, मऊ अंगाने बाहेर यायचे, फुगायचे, आणि नवे कवच घट्ट होईपर्यंत लपून राहायचे. त्यामुळे मोठी शेवंड म्हणजे अशा अनेक धोक्याच्या वेळा निभावून नेलेली शेवंड. मादी अंडी पोटाखाली, शेपटीच्या पाकळ्यांना चिकटवून वाहते. मादी जितकी मोठी तितकी अंडी जास्त. वाळूतल्या शेवंडीची अंडी हजारांत मोजतात, काटेरीची लाखांच्या घरात जातात. पिल्लू काचेच्या पानासारखे पारदर्शक असते आणि प्रवाहाबरोबर वाहत राहते. त्यातले फारच थोडे जगतात. म्हणून समुद्राच्या हिशेबात मोठी मादी हे भांडवल आहे आणि बाजाराच्या हिशेबात तीच सगळ्यांत चांगला माल.

घाट चढून आलेली मासळी

पुणे समुद्रापासून सरळ रेषेत सुमारे शंभर किलोमीटर अंतरावर आहे, पण मध्ये सह्याद्री उभा आहे. बैलांच्या पाठीवरून घाट चढत असे ते मीठ, वाळवलेले बोंबील, सुकट, सोडे. जिवंतपणीच विकत घ्यावी अशी शेवंड त्या वाटेने येणे शक्य नव्हते. मेलेल्या शेवंडीचे मांस माशापेक्षाही लवकर उतरते, आणि बैलाच्या चालीने घाट चढायला लागणारा वेळ तिला परवडणारा नव्हता.

१८५८ साली खंडाळा ते पुणे रेल्वे सुरू झाली आणि १८६३ साली बोरघाटाचा चढ रुळांनी जोडला गेला. त्याआधी, १८३४ साली, मुंबईत बोस्टनहून जहाजाने बर्फ आला होता. ज्या किनाऱ्यावर नांग्यांचे लॉबस्टर पकडले जात, त्याच प्रदेशातल्या तळ्यांचा तो बर्फ. पण तो श्रीमंतांच्या पेल्यांसाठी होता, कोळ्यांच्या टोपल्यांसाठी नव्हे. मासळीसाठी बर्फ हाताशी येण्यास गावोगावी बर्फाचे कारखाने उभे राहावे लागले. म्हणजे पुणेकराच्या दृष्टीने ताजी शेवंड ही आगगाडी, बर्फ आणि पुढे ट्रक यांच्यासोबत आलेली, बऱ्यापैकी नवी वस्तू आहे. घाटावर तिला जुनी ओळख नव्हती. ‘लॉबस्टर’ हे नाव इथे इतक्या सहज रुजले त्याचे हे एक कारण असावे असे मला वाटते.

पातेले आणि ताट

किनाऱ्यावर मात्र ओळख जुनी होती, आणि ती स्वयंपाकातून दिसते. कोळी घरात शेवंड कवचासकट तुकडे करून कालवणात जाते. लसूण, हळद, घरचा मसाला, चिंच किंवा कोकम. कवचाचा स्वाद रश्श्यात उतरतो, डोक्यातला गर रस्सा दाट करतो, आणि दोन मध्यम शेवंडींत सगळे घर जेवते. मुंबईच्या पाठारे प्रभूंचे खडखडले कोळंबीचे होते तसे शेवंडीचेही होते. तेल, लसूण, हिंग, हळद, तिखट आणि मोठी आच. या सगळ्या पाककृतींत शेवंड किती मोठी याला महत्त्व नाही. ती ताजी हवी, एवढीच अट. किंबहुना मध्यम शेवंडच बरी, कारण तुकडे सारखे शिजतात.

हॉटेलचे ताट वेगळे. तिथे शेवंड उभी चिरून, लोणी-लसणात किंवा तंदुरीत भाजून, मिशांसकट मांडली जाते. एका गिऱ्हाइकासमोर एक अख्खी शेवंड. इथे आकार हाच पदार्थ असतो. छोटी शेवंड अशी मांडली तर ताट रिकामे दिसते. म्हणून हॉटेल मोठी मागते आणि व्यापारी वजनाप्रमाणे प्रत लावतो. नगाचे वजन वाढले की किलोचा भावही चढतो.

खाणाऱ्याला यात काय मिळते? काटेरी शेवंडीचे डोके मोठे आणि कवच जड. मांसाची शेपटी एकूण वजनाच्या निम्म्याहून बरीच कमी भरते. मोठ्या शेवंडीची शेपटी जाड असल्याने आच मध्यापर्यंत पोहोचेतो बाहेरचे मांस चिवट होते. त्यावर उपाय आहेत. उभी चिरावी, कवचाची बाजू आधी तापवावी, मांस दुधी पांढरे झाले की लगेच उतरवावे. पण चवीत ती मध्यम शेवंडीपेक्षा सरस ठरते असे नाही. आपण जास्तीचा पैसा देतो तो मुख्यतः देखाव्याचा.

निर्यात आणि ट्रॉलर

देखाव्याची ही मागणी आधी परदेशातून आली. १९५३ साली कोचीनहून गोठवलेल्या कोळंबीची निर्यात सुरू झाली आणि शेवंडीच्या शेपट्याही त्याच वाटेने गेल्या. १९७२ साली सागरी उत्पादने निर्यात विकास प्राधिकरण स्थापन झाले. पुढे जिवंत शेवंड विमानाने पाठवण्याचा व्यापार वाढला. कागदपत्रांत, खोक्यांवर, दरपत्रकांत सर्वत्र ‘लॉबस्टर’. जो माल इंग्रजी नावाने बंदरातून बाहेर जाई, त्यातलाच काही त्याच नावाने देशातल्या हॉटेलांत आणि बाजारात आला. बोंबलाचे, मांदेलीचे मुख्य गिऱ्हाईक घरातले होते, म्हणून त्यांची नावे टिकली.

मागणी पुरवली ट्रॉलरने. कोळ्यांचे डोल जाळे एका जागी बांधलेले असते. भरती-ओहोटीच्या ओढीने जे येईल ते घेते. ट्रॉलरचे जाळे समुद्राचा तळ खरवडत पुढे जाते. वाळूत पुरून बसणे हा चपट्या शेवंडीचा शत्रूपासून बचावाचा उपाय. नेमका तोच उपाय ट्रॉलरपुढे निकामी ठरला. मुंबईच्या ससून डॉकवर आणि भाऊच्या धक्क्याच्या परिसरातल्या नव्या धक्क्यावर ट्रॉलरचा माल उतरू लागला, तशी ही शेवंडही मोठ्या प्रमाणात येऊ लागली. तिच्यात पोटाखाली अंडी असलेल्या माद्याही होत्या. त्या वेगळ्या काढून पाण्यात सोडायला लावणारा नियम नव्हता, आणि अंड्यांमुळे मादीचे वजन कमी भरत नाही.

१९९४

मुंबईच्या पाण्यातली वाळूतल्या शेवंडीची मासेमारी १९९४ पर्यंत संपली. कमी झाली असे नव्हे, कोसळली. ज्या जातीच्या राशी धक्क्यावर पडत होत्या, ती मोजण्याइतकीही उरली नाही. मत्स्यसंशोधन संस्थेचे व्ही. डी. देशमुख यांनी या कोसळण्यावर लिहिलेला निबंध २००१ साली प्रसिद्ध झाला. ही शेवंड मुंबईच्या पाण्यात अंडी केव्हा धरते, किती वेगाने वाढते याविषयीचे संस्थेच्या मुंबईतल्या शास्त्रज्ञांचे निबंध छापून आले ते १९९६ साली. म्हणजे तिच्या जन्माचा आणि वाढीचा हिशेब छापला गेला तेव्हा तिची मासेमारी संपून दोन वर्षे झाली होती.

यात शास्त्रज्ञांचा दोष नाही. वर्षानुवर्षे धक्क्यावर उभे राहून, एकेक शेवंड मोजून जमवलेली माहिती छापून येईपर्यंत वेळ लागतोच. बाजाराला मात्र माहितीची वाट पाहावी लागत नाही.

नियम त्यानंतर आला. जुलै २००३ मध्ये केंद्र सरकारच्या वाणिज्य खात्याने निर्यातीसाठी किमान वजने ठरवली. काटेरी पॉलिफेगस ३०० ग्रॅम, होमारस २०० ग्रॅम, ऑर्नेटस ५०० ग्रॅम आणि वाळूतली थेनस ओरिएंटॅलिस १५० ग्रॅम. पुढे आणखी एक गोष्ट घडली. २००७ साली बर्टन आणि डेव्ही या संशोधकांनी थेनस कुळाची नव्याने तपासणी केली. एकच समजली जाणारी जात प्रत्यक्षात पाच निघाल्या, आणि भारताच्या किनाऱ्यावरची शेवंड ओरिएंटॅलिस नसून युनिमॅक्युलेटस ठरली. मुंबईच्या पाण्यातून ती गेली तेव्हा तिचे खरे नावसुद्धा आपल्याला ठाऊक नव्हते.

माप कुठल्या टोकाला लावायचे?

२००३ च्या नियमाला दोन मर्यादा आहेत. एक, तो निर्यातीचा नियम आहे. ३०० ग्रॅमच्या आतली काटेरी शेवंड परदेशी जाऊ शकत नाही, पण त्या नियमाने तिला देशातल्या बाजारात यायला मज्जाव नाही. दोन, तो फक्त लहानांना राखतो. मोठ्यांविषयी तो काहीच म्हणत नाही.

अमेरिकेतल्या मेन राज्याने दुसरा रस्ता धरला. लॉबस्टरच्या जगात वजनाचे वेड तिथेही कमी नाही. १९७७ साली शेजारच्या कॅनडात, नोव्हा स्कोशियाजवळ, २०.१४ किलोचा लॉबस्टर सापडला आणि तो विक्रमांच्या पुस्तकात गेला. जुन्या काळी तिथल्या नोकरांनी आठवड्यातून तीनदाहून अधिक लॉबस्टर खायला घालणार नाही असे करारात लिहून घेतले होते, ही गोष्ट आपल्याकडच्या लेखांतही वाचायला मिळते. असा करार कोणालाही सापडलेला नाही. पण मेनमध्ये १९३३ पासून दुहेरी माप आहे हे मात्र खरे. डोळ्याच्या खोबणीपासून पाठीच्या कवचाची लांबी मोजतात. सव्वातीन इंचांहून कमी भरली तर परत समुद्रात, पाच इंचांहून जास्त भरली तरीही परत समुद्रात. अंडी असलेल्या मादीच्या शेपटीला एक खाच पाडून तिला सोडतात. पुढे ती खाच दिसली की, अंडी नसली तरी तिला धरता येत नाही. मोठा लॉबस्टर तिथे बाजारात न नेता पिल्लांसाठी मागे ठेवायचा असतो.

आपल्याकडे असा विचार नव्हता असे नाही. नारळी पौर्णिमेला नारळ वाहिल्यावरच होड्या लोटायच्या, ही रीत समुद्राला पावसाळाभर विसावा देत होती. आज पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै अशी कायद्याची बंदी आहे. हंगामाचे माप आपण जाणत होतो. मोठ्या शेवंडीचे माप आपल्याला नव्याने शिकावे लागेल.

काटेरी शेवंड अजून आपल्या पाण्यात आहे. तिचे काय होणार हे जसे धक्क्यावर ठरेल तसेच गिऱ्हाइकाच्या मागणीनेही ठरेल, आणि त्या गिऱ्हाइकांत बिबवेवाडीतले आपणही आलो. शेवंड घेताना ती उलटी करून पाहावी. शेपटीखाली केशरी किंवा तपकिरी दाण्यांचा झुपका असेल तर घेऊ नये, आणि का घेत नाही ते मासेवाल्याला सांगावे. तो पुढच्या वेळी घाऊक व्यापाऱ्याशी बोलतो. हाताएवढी लहान घेऊ नये. किलोवरची समारंभासाठी म्हणून मागवू नये. पाव आणि एक किलोच्या मधली, तीनशे ग्रॅमच्या पुढची, ताजी, उचलल्यावर शेपटी आत मुडपून घेणारी शेवंड घ्यावी. तिचे तुकडे करून कालवण केले तर चौघे जेवतात. आणि मागताना ‘शेवंड आहे का?’ असे विचारावे. गणेश पेठेतल्या व्यापाऱ्यांना तो शब्द चांगला समजतो.