एफबीआयवर नजर कोणाची?
अमेरिकी काँग्रेस आणि केंद्रीय तपासयंत्रणा यांचा झगडा एफबीआयच्या जन्माआधीचा आहे. ओरेगनच्या जमीन घोटाळ्यात सीक्रेट सर्व्हिसच्या हेरांनी थेट लोकप्रतिनिधींनाच गाठले होते. मे 1908 मध्ये काँग्रेसने हे हेर उसने घेण्यास न्याय खात्याला मनाई केली. तेव्हा खात्याचे प्रमुख चार्ल्स बोनापार्ट यांनी जुलैत स्वतःचे तपास पथक उभारले. तेच पुढे एफबीआय झाले.

1924 ते 1972 या संचालक जे. एडगर हूवर यांच्या कारकिर्दीत काँग्रेसने बहुतांशी डोळेझाक केली. मार्च 1971 मध्ये पेनसिल्व्हेनियातील मीडिया गावच्या एफबीआय कचेरीतून कागदपत्रे चोरीला गेली, ती वृत्तपत्रांच्या हाती लागली आणि नागरिकांवरच्या पाळतीला वाचा फुटली. 1975 मध्ये सिनेटने अशा प्रकारांच्या चौकशीसाठी 82 विरुद्ध 4 मतांनी समिती नेमली. डेमोक्रॅट फ्रँक चर्च तिचे अध्यक्ष होते. 1964 मध्ये मार्टिन ल्यूथर किंग यांना ध्वनिफितीसह एक निनावी पत्र आले होते, आत्महत्या सुचवणारे. ते एफबीआयनेच धाडले होते, हे या चौकशीत जगासमोर आले. सरकारी यंत्रणेने इतक्या थराला जावे, हे आजही अस्वस्थ करते.

एकमत मात्र टिकले नाही. 1976 च्या अंतिम अहवालावर रिपब्लिकन जॉन टॉवर आणि बॅरी गोल्डवॉटर यांनी सही केली नाही. त्याच वर्षी कायद्याने संचालकाची मुदत 10 वर्षांवर बांधली.

जानेवारी 2023 मध्ये प्रतिनिधीगृहाने तपासयंत्रणांच्या चौकशीसाठी उपसमिती नेमली, ती 221 विरुद्ध 211 अशा पक्षनिहाय मतांनी. रिपब्लिकनांनी चर्च समितीचा दाखला दिला. चालू तपासांत ढवळाढवळ करण्याचा हा डाव आहे, असे डेमोक्रॅटांचे म्हणणे होते.