विजेचा मासा आणि वेदनेचे दार

कोपर दाराला आपटले की आपण काय करतो? नकळत ते चोळू लागतो, आणि कळ थोडी ओसरते. चोळल्याने वेदना का कमी व्हावी? प्रश्न साधा आहे, पण त्याचे उत्तर शोधायला विसावे शतक उजाडावे लागले. मधुमेही रुग्णाच्या पायांची आग विजेने शमविण्याच्या आजच्या प्रयत्नांचे मूळ याच उत्तरात आहे.

उपाय मात्र उत्तरापेक्षा फार जुना. स्क्रिबोनियस लार्गस या रोमन वैद्याने इ. स. ४७ च्या सुमारास लिहिलेल्या औषधसंग्रहात गाऊटच्या दुखण्यावर एक इलाज सांगितला आहे. रोग्याने समुद्रकाठच्या ओल्या वाळूत उभे राहावे, पायाखाली जिवंत काळा टॉर्पेडो मासा घ्यावा आणि गुडघ्यापर्यंत बधिरता येईपर्यंत थांबावे. हा मासा वीज निर्माण करतो, हे तेव्हा कोणालाच ठाऊक नव्हते.

१७४५-४६ मध्ये लायडेन बरणीचा शोध लागला. आता वीज साठवून हवा तेव्हा धक्का देता येऊ लागला आणि विजेने रोग बरे करण्याची लाटच आली. बेंजामिन फ्रँकलिनने पक्षाघाताच्या रोग्यांवर हा प्रयोग केला. १७५७ सालच्या एका पत्रात त्याने निकाल प्रामाणिकपणे कळविला : आरंभी फरक पडला, पण पाचव्या दिवसानंतर सुधारणा थांबली, कायमचा गुण आला नाही. मग त्याने स्वतःच शंका काढली. जो तात्पुरता फरक दिसला तो विजेचा, रोज आपल्या घरापर्यंत येण्याच्या व्यायामाचा, की बरे होण्याच्या आशेचा? आम्हांला त्याच्या धक्क्यांपेक्षा ही शंका अधिक मोलाची वाटते.

१९६५ साली रोनाल्ड मेलझॅक आणि पॅट्रिक वॉल यांनी ‘दार सिद्धांत’ मांडला. त्यांच्या मते मज्जारज्जूत जणू एक दार असते. बारीक तंतूंतून वेदनेचे संदेश आले की ते उघडते, जाड तंतूंतून स्पर्शाचे संदेश आले की मिटू लागते. कोपर चोळताना आपण हेच दार लोटत असतो. सिद्धांताचे तपशील पुढे बदलले, पण गाभा टिकला. १९६७ मध्ये वॉल आणि विल्यम स्वीट यांनी रुग्णांच्या मज्जातंतूंना मंद विद्युत् स्पंद दिले. काहींना स्पंद थांबल्यावरही काही काळ आराम पडला. त्याच वर्षी नॉर्मन शीली यांनी थेट मज्जारज्जूपाशी विद्युत् अग्र बसविले.

मधुमेहात वाढलेल्या साखरेने मज्जातंतू आणि त्यांना रक्त पुरविणाऱ्या सूक्ष्म वाहिन्या बिघडतात. मग तळपायांची आग होते, मुंग्या येतात, आणि तेच पाय बधिरही होतात. त्वचेवर पट्ट्या चिकटवून बॅटरीने स्पंद देणारे ‘टेन्स’ उपकरण अशा रुग्णांवर वापरले जाते. २०१० मध्ये अमेरिकेतील मज्जाविकारतज्ज्ञांच्या अकादमीने मधुमेही रुग्णांसाठी त्याचा विचार करावा असे म्हटले. उलट, मज्जातंतूंच्या बिघाडातून उठणाऱ्या सर्व प्रकारच्या वेदनांवरील प्रयोग २०१७ मध्ये एकत्र तपासले गेले, तेव्हा पुरावा ठाम निष्कर्षाला अपुरा ठरला.

अडचण फ्रँकलिनचीच आहे. खऱ्या स्पंदांनी झिणझिण्या येतात, त्यामुळे आपल्याला खरा उपचार मिळतो की खोटा, हे रुग्ण ओळखतो. मग आशेचा वाटा वेगळा कसा काढणार? मज्जारज्जूला सेकंदाला १०,००० स्पंद दिले तर झिणझिण्या येत नाहीत. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, २१६ मधुमेही रुग्णांच्या चाचणीत तीन महिन्यांनी या पद्धतीने ७९ टक्के रुग्णांची वेदना निम्मी किंवा त्याहून कमी झाली. केवळ नेहमीचे उपचार घेणाऱ्यांत हे प्रमाण ५ टक्के होते. त्याच वर्षी अमेरिकेत या उपचाराला मान्यता मिळाली. मात्र तुलना नेहमीच्या उपचारांशी होती, खोट्या यंत्राशी नव्हती. म्हणजे ती शंका पुरती मिटलेली नाही.

आणखी एक गोष्ट विसरून चालणार नाही. दार मिटले म्हणून बाहेरची आग विझत नाही. वेदना थांबली तरी बिघडलेला मज्जातंतू त्यामुळे बरा झाला असे ठरत नाही. बधिर पायाला काटा रुतला तरी कळत नाही. म्हणून साखर आटोक्यात ठेवणे आणि रोज रात्री तळपाय डोळ्यांनी तपासणे, हे कोणत्याही यंत्राने सुटत नाही.